लांब पल्ल्याचं विमान निवडताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : बोइंग ७८७-९चा पल्ला १४,००० किलोमीटर सांगतात. मग १२,५०० किलोमीटरच्या मार्गावरही कधीकधी आसनं रिकामी ठेवून का उडावं लागतं?

माहितीपत्रकातला पल्ला निर्मात्याने स्वतः धरलेल्या आसनसंख्येवर, वारा नाही आणि पोटात माल नाही असं मानून काढलेला असतो. विमान कंपनी सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करते : आधी मार्ग, मग त्या मार्गावरचा हिवाळ्यातला समोरचा वारा. तोही सरासरीचा नाही. शंभरपैकी ८५ दिवस वारा ज्याच्या आत राहतो, तो आकडा धरायचा. सरासरी धरली तर निम्मे दिवस हिशेब चुकलाच म्हणून समजा.

ढोबळ आकडे मांडू. ७८७-९चं कमाल टेक-ऑफ वजन २५४ टन. आसनं, गॅली (विमानातलं स्वयंपाकघर), खाणंपिणं आणि कर्मचारी धरून विमान भरतं १२९ टनांच्या आसपास. उरले १२५, त्यातच इंधन आणि त्यातच उतारू-माल. तासाला साडेपाच टन या दराने १५ तासांना ८२-८३ टन इंधन, शिवाय पर्यायी विमानतळासाठीचं आणि राखीव मिळून सात-आठ टन. हाती राहिले ३५. सामानासकट माणशी १०० किलो धरले तर २९० उतारूंचे २९ टन, वर सहा टन माल.

आता वाऱ्यामुळे प्रवास तासाभराने लांबला. साडेपाच टन इंधन वाढलं आणि जवळजवळ सगळा माल खाली राहिला. त्यात दुपारच्या ४० अंशांतल्या विरळ हवेत धावपट्टी तोकडी पडून टेक-ऑफ वजन आणखी पाच टनांनी घटवावं लागलं, की ४५ आसनं गेली. उंचावरच्या विमानतळांवर हवा विरळ असल्याने ही कात्री जास्तच लागते. मेक्सिको सिटीचा विमानतळ २,२३० मीटरवर आहे. एमिरेट्सने २०१९ मध्ये दुबईहून तिथली सेवा बार्सिलोनामार्गे सुरू केली, त्यामागे ही उंचीच होती.

प्रश्न : मग टाकी मोठी करून घ्यायची!

आडवी येते ती टाकी नाही, वजनाची मर्यादा. सिंगापूर एअरलाइन्सच्या एअरबस ए३५०-९०० यूएलआरमध्ये (अतिलांब पल्ल्याची आवृत्ती) इंधनक्षमता १,४१,००० लिटरवरून १,६५,००० लिटर केली, पण आसनं ठेवली अवघी १६१. इकॉनॉमी वर्गच नाही. सिंगापूर ते न्यूयॉर्क ही त्यांची थेट सेवा जास्त भाडं देणाऱ्यांच्या जोरावर चालते. शिवाय १८ तासांच्या उड्डाणात इंधनाचा मोठा हिस्सा पुढचं इंधन वाहून नेण्यातच जळतो. असा उतारूवर्ग नसलेल्या मार्गावर मधे एक थांबा घेतलेला बरा.

प्रश्न : एअरबसचं दुमजली ए३८० भरलं तर आसनामागे स्वस्त पडत असणार. तरी घेणारे का आटले?

'भरलं तर' हीच मेख. आसनामागचा खर्च कमी दिसतो, पण फेरीचा खर्च विमान अर्धं रिकामं असलं तरी पुरा द्यावा लागतो, आणि शेवटची शंभर आसनं भरायला भाडं पाडावं लागतं. पोटातही गोम आहे. ए३८०मध्ये एलडी-३ कंटेनर (सामानाचे ठरावीक मापाचे डबे) मावतात ३८, लहान असलेल्या बोइंग ७७७-३००ईआरमध्ये ४४. पाचशे उतारूंच्या बॅगाच पंधराएक कंटेनर खातात, मग मालाची कमाई ती किती उरणार? दोन इंजिनांवर समुद्र ओलांडायची भीतीही केव्हाच गेली. एक इंजिन बंद पडलं तर दुसऱ्यावर जिथे पोचता येईल अशा पर्यायी विमानतळापासून १९८५ मध्ये १२० मिनिटांपर्यंत दूर जायची मुभा होती. ए३५०ला ती ३७० मिनिटांपर्यंत आहे. एकूण २५१ विमानं देऊन २०२१ मध्ये ए३८०चा कारखाना थांबला.

प्रश्न : ७८७ला दोन कंपन्यांची इंजिनं मिळतात, ए३५०ला एकच. एकच असेल तर घासाघीस कशी करायची?

विमानाच्या करारावर सही होण्याआधी. सही झाली की इंजिनवाल्याला ठाऊक असतं, आता हे कुठे जाणार! म्हणून विमान, इंजिन आणि देखभाल यांचे भाव एकाच वेळी, बोइंग आणि एअरबस या दोन्ही निर्मात्यांकडून मागवायचे. तासामागे देखभालीचा दर सांगतात, त्याच्या तळटीपा नीट वाचा : उड्डाण सरासरी किती तासांचं, तापमान किती, हवेत धूळ किती, टेक-ऑफला जोर किती टक्के कमी करून वापरणार. उष्ण, धुळीच्या विमानतळांवरून उडणाऱ्या कंपनीला समशीतोष्ण हवेचा दर दाखवला असेल, तर दुरुस्तीसाठी इंजिन ठरल्यापेक्षा बरंच आधी उतरवावं लागेल.

दोन पर्याय असणं हेही काही कवच नाही. ७८७वरच्या रोल्स-रॉइसच्या ट्रेंट १००० इंजिनाची टर्बाइनची पाती गंजून तडकू लागली, तेव्हा २०१८ मध्ये कित्येक विमानं जमिनीवर बसली. दुसऱ्या कंपनीचं इंजिन होतं, पण एकदा घेतल्यावर बदलतो कोण? म्हणून सुटी इंजिनं किती, ती किती दिवसांत मिळणार आणि विमान उभं राहिलं तर दिवसाला भरपाई किती, हे तीन आकडे करारात हवेतच. आमच्या मते इंधनाच्या एक-दोन टक्के बचतीच्या आश्वासनापेक्षा त्यांचं मोल जास्त आहे.

प्रश्न : करार झाल्यावरही विमान वर्षानुवर्षं का येत नाही?

कारखान्याची रांग हे एक कारण. दुसरं, हल्ली जास्त छळणारं, म्हणजे आसन. ते बहुधा विमान कंपनी वेगळ्या पुरवठादाराकडून घेते आणि कारखान्यात पोचवते. आसनाला १६ जीचा (गुरुत्वाकर्षणाच्या १६ पट) धक्का सोसावा लागतो, डोकं कुठे आपटेल हे तपासलं जातं, आणि बिझनेस वर्गातल्या दारवाल्या कप्प्यांत दार अडकलं तर माणूस बाहेर कसा येणार हेही सिद्ध करावं लागतं. चाचणीत आसनाचा एक ब्रॅकेट वाकला तरी आराखडा बदलून पुन्हा चाचणी. तोवर तयार विमान कारखान्याबाहेर उभं.

वेळेवर विमान हवं असेल तर आधीच प्रमाणित झालेलं आसन घ्या, बदल रंग-कापडापुरताच ठेवा. पहिली काही विमानं जुन्या आसनांची आणि पुढची नव्या, असाही मार्ग काही जण काढतात. मात्र मग ताफ्यात दोन तऱ्हेच्या केबिन होतात, आणि ऐनवेळी विमान बदललं की आसनक्रमांक जुळत नाहीत. पैसे भरून खिडकी घेतलेला उतारू काउंटरवर भांडायला उभा.