कुरियरचा दावा आणि १० सेंटची छापील किंमत

तुम्ही लिलावात घेतलेला 'व्हॉल्ट ऑफ हॉरर'चा, म्हणजे ईसी या अमेरिकी प्रकाशनाच्या जुन्या भयकथांच्या कॉमिकचा, ३५वा अंक पार्सलमध्ये चेपला, कणा उसवला आणि कुरियरवाले म्हणतात, 'जुनं मासिक आहे, भरपाई कसली?' तुमचं हे वाचलं आणि जुना संताप पुन्हा वर आला. इथे न्यू जर्सीत माझ्याबाबतीत हेच घडलं, तेही याच अंकाच्या बाबतीत.

माझ्या प्रतीचा वरचा स्टेपल पानातून निसटला होता आणि कण्यालगतच्या रंगावर पांढरी चीर उमटली होती. दावा विभागानं आधी सांगितलं, मुखपृष्ठावर १० सेंट छापलंय, म्हणजे वस्तूची किंमत तीच. १९५४ च्या फेब्रुवारी-मार्चचा अंक, चित्रकार जॉनी क्रेगचं सांताचं मुखपृष्ठ, आत 'अँड ऑल थ्रू द हाऊस' ही कथा! लिलावाची पावती जोडली, तर म्हणाले, दुकानाचं बिल आणा. मग त्यांचाच माणूस तपासणीसाठी खोका घेऊन गेला. आणि शेवटी दावा कशावर फेटाळला? 'मूळ वेष्टन सादर केलं नाही' म्हणून! दर वेळी फोनवर नवा माणूस, दर वेळी गोष्ट पहिल्यापासून. एक छदाम मिळाला नाही. पैशांपेक्षा जास्त लागलं ते हे, की ती वस्तू काय आहे हे समजून घ्यायची तिथे कुणाला गरजच वाटली नाही.

म्हणून खोका हातचा सोडू नका. न्यायचाच म्हणाले, तर आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि नेल्याची सहीनिशी पोच घ्या. दावा फेटाळल्याचं कारण लेखी मागा, नेमक्या कोणत्या अटीखाली तेही लिहून घ्या. संग्रहाच्या वस्तूंना पुष्कळ कंपन्यांच्या अटींत भरपाईची वेगळी मर्यादा असते. मी वकील नाही, तुमच्या पावतीमागच्या अटी स्वतः वाचा. माझं मत मात्र ठाम आहे: महाग अंक कुरियरच्या विम्यावर सोडूच नये, संग्रहासाठीचा वेगळा विमा काढावा.

उसवलेल्या कण्याला सेलोटेप अजिबात लावू नका. रंगाचा हातही फिरवू नका. कॉमिक्सचा दर्जा ठरवणारी सीजीसी ही कंपनी रंग फिरवलेल्या प्रतीला 'रिस्टोअर्ड'चं (दुरुस्त केल्याचं) जांभळं लेबल लावते आणि भाव पडतो. सध्या आम्लमुक्त पुठ्ठा आणि मायलरची (पारदर्शक प्लॅस्टिकची) पिशवी, एवढंच पुरे.

तुम्ही डिसेंबरचे अंक शोधताय असं लिहिलंय, म्हणून हेही सांगतो. मुखपृष्ठावरची तारीख विक्रीच्या पुढे असायची, त्यामुळे नाताळचे अंक जानेवारी ते मार्चची तारीख छापलेल्या अंकांत शोधा. ३५वा अंक स्वतःच त्याचा पुरावा आहे. ईसीच्याच 'पॅनिक'चा पहिला अंकही फेब्रुवारी-मार्च १९५४ चाच. तो भयकथांचा नाही, विनोदी आहे, पण त्यातल्या चित्रकार विल एल्डरच्या नाताळच्या विडंबनामुळे मॅसॅच्युसेट्समध्ये गदारोळ झाला होता. ईसीच्या नाताळ-संग्रहात तो हवाच, असं मला वाटतं. त्याच वर्षी कॉमिक्स कोड, म्हणजे कॉमिक्स प्रकाशकांनी स्वतःवर घातलेली नियमावली आली, शीर्षकात 'हॉरर' शब्द चालेना आणि भयकथांच्या कॉमिक्सची ही परंपराच तुटली. पुढे वॉरेन या प्रकाशनाचं भयकथांचं 'क्रीपी' मासिकाच्या आकारात, कोडच्या कक्षेबाहेर निघायचं. त्याचा फेब्रुवारी १९७६ चा ७७वा अंक नाताळचा आहे. तो सुरुवातीला घ्या, खिशाला झेपेल.

आणि 'व्हॉल्ट ऑफ हॉरर'चं नव्वदच्या दशकातलं पुनर्मुद्रण कुणी मूळ म्हणून गळ्यात मारत नाही ना, तेवढं बघा. मूळ मालिका १२व्या अंकापासून सुरू झाली आणि पुनर्मुद्रण १ पासून, त्यामुळे तिथे हाच ३५वा अंक २४वा आहे.

नकाराचं पत्र आलं की नाव-पत्ता झाकून इथे टाका. उत्तराचा मसुदा करायला मी मदत करतो.