परवाने जुळत नसतील, तर किट वाटता येईल का?

प्रश्न : ऐंशीच्या दशकातला एक आठ-बिट संगणक मी एफपीजीएवर (हवी ती रचना भरता येणाऱ्या चिपवर) पुन्हा उभा केलाय. प्रोसेसर आणि व्हिडिओचा कोड जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आहे, आवाजाच्या चिपचा कोड 'व्यावसायिक वापर नको' या अटीवर मिळालेला. मूळ रॉमही (कंपनीने चिपवर कायमचा कोरलेला प्रोग्राम) आत आहे. हौशी मंडळी किट मागताहेत, मी फक्त खर्चापुरते पैसे घेणार आहे. सहकारी म्हणतो, हे वाटताच येणार नाही. सगळं काम अडलंय.

उत्तर : सहकारी बरोबर सांगतोय, पण काम गुंडाळायची गरज नाही.

घरी चालवायला जीपीएल आडवं येत नाही. दुसऱ्याच्या हाती प्रत दिली की अटी लागू होतात आणि तिथे पैसे घेतले की नाही, याने सुटका होत नाही. जीपीएल आवृत्ती २ चं सहावं कलम म्हणतं, घेणाऱ्यावर जादा बंधन घालू नका. 'व्यावसायिक वापर नको' हे नेमकं तसलंच बंधन. म्हणून बिटस्ट्रीम, म्हणजे एफपीजीएमध्ये भरायची तयार फाइल, फुकट वाटलीत तरी अडचण तीच. 'दोन वेगळे प्रोग्राम शेजारी ठेवलेत' या बचावावर मी विसंबणार नाही. सिंथेसिसनंतर, म्हणजे कोडचं सर्किटमध्ये रूपांतर झाल्यावर, सगळं एकाच बिटस्ट्रीममध्ये जातं.

आधी जीपीएलच्या प्रत्येक फाइलचा माथा वाचा. 'आवृत्ती २ किंवा नंतरची कोणतीही' असं आहे, की नुसतं २? प्रोसेसर फक्त २ आणि व्हिडिओ ३ असेल, तर तेही एकमेकांत बसत नाहीत. हौशी प्रकल्प या एका ओळीपायी अडकलेले पाहिले की मला फार वाईट वाटतं.

मग आवाजाच्या कोडच्या लेखकाला लिहा : 'या या फाइल्स जीपीएल २ किंवा नंतरच्या आवृत्तीखालीही द्याल का?' फाइलींची नावं घाला, होकार लेखी घ्या. इतरांनी त्यात भर घातली असेल तर त्यांचीही संमती लागेल. नकार आला, तर जुना कोड न पाहिलेल्या माणसाकडून चिपच्या डेटाशीटवरून (तांत्रिक माहितीपत्रकावरून) नवा लिहून घ्या.

रॉमचं वेगळं. कंपनी बुडाली म्हणून हक्क बुडत नाही. सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीचा संगणक व्यवसाय १९८६ मध्ये अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीने घेतला. पुढे १९९९ मध्ये अ‍ॅमस्ट्रॅडने रॉम वाटायला मुभा दिली, ती इम्युलेटर (जुन्या संगणकाची नक्कल करणारे प्रोग्राम) लिहिणाऱ्यांना. अशी परवानगी तुमच्या रॉमला मिळेलच असं धरून चालू नका. किट रॉमशिवाय द्या, एसडी कार्डावरून भरायची सोय ठेवा. बोर्डावर मूळ नाव किंवा बोधचिन्ह छापू नका.

लेखकाचं उत्तर येईपर्यंत बिटस्ट्रीम थांबवा. पीसीबीचा (सर्किट बोर्डाचा) आराखडा तुम्ही स्वतः केलेला असेल, तर तो आजच द्यायला हरकत नाही.