पेनड्राइव्हवरची सगळी गाणी एकाच आवाजात कशी करायची?

सांगलीत गणपतीच्या मांडवात पेनड्राइव्ह लावायचाय आणि जुनी नाट्यपदं दबकी, नवी गाणी कान फाडणारी, असं तुम्ही लिहिलंय. एमपी३गेन नावाचं सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे. फाइल्स टाका, आधी ट्रॅक ॲनालिसिस, मग ट्रॅक गेन, ही बटणं दाबा. मुळातलं ८९ डेसिबलचं लक्ष्य तसंच ठेवा. वाढवायचा मोह होतो, पण मग ताना फाटतात, आणि नाट्यपदाचा जीव तर तानेतच असतो!

हे सॉफ्टवेअर फाइल पुन्हा एन्कोड करत नाही, म्हणजे गाणं नव्यानं दाबून साठवत नाही, १.५ डेसिबलच्या टप्प्यांनी फक्त पातळी बदलतं. त्यामुळे दर्जा तोच राहतो, बदल मागेही घेता येतो. मांडवातले यूएसबी प्लेअर रीप्लेगेनचे टॅग, म्हणजे आवाज किती कमी-जास्त करायचा याच्या फाइलमधल्या नोंदी, सहसा वाचत नाहीत, म्हणून नुसत्या टॅगवर भागत नाही. एकाच मैफलीचे तुकडे असतील तर मात्र अल्बम गेनच लावा, म्हणजे सगळ्या तुकड्यांची पातळी सारखीच बदलते आणि त्यांच्यातला मूळ चढउतार टिकतो.