बेटावरच्या बाईला मत कशाला हवं होतं?

प्रश्न: ताई, आमचा बचत गट आहे, बहुतेक जणी विड्या वळणाऱ्या. महिला दिनाला मला मताच्या हक्कावर बोलायला सांगितलंय. स्कॉटलंडच्या वर शेटलँड बेटं आहेत, तिथल्या क्रिस्टिना जेमिसन या बाईंनी त्यासाठी लढा दिला असं वाचलं. एवढ्या लांब समुद्रात राहून त्यांना मत कशाला हवं होतं? आमच्यात अजून घरचे मालक सांगतील तिथंच बायका बटन दाबतात. – एक वाचक, निपाणी

उत्तर: अक्का, त्यांची मागणी कष्टातनंच आलेली बघा. शेटलँडमधले पुरुष मासेमारीला नाहीतर जहाजावर जायचे, मग शेत, गुरं, पोरं, म्हातारी माणसं सगळं बाईवर. जळणासाठी पीट म्हणजे दलदलीतली वाळवलेली काळी माती पाठीवरच्या टोपलीत भरून आणायची आणि चालता चालता हातात विणकाम चालूच. त्या विणकामाचे पैसेसुद्धा रोख मिळत नव्हते हो, व्यापारी बदल्यात चहा, कापड असला माल द्यायचा, 1872 मधे सरकारला त्याची चौकशी लावावी लागली. 1881 मधे ग्लूप गावाजवळ वादळात 58 मच्छीमार बुडाले, मागं राहिलेल्या बायकांनीच घरं सांभाळली. एवढं करून कायदा करणाऱ्यांना निवडायचा हक्क मात्र नाही, हे मला आज वाचलं तरी संताप येतो.

जेमिसनबाई 1864 च्या, सँडनेस गावच्या मास्तरांची लेक. 1909 मधे शेटलँडमधल्याच लेर्विक गावी स्त्री मताधिकाराची संस्था निघाली, तिच्या त्या सेक्रेटरी. मतासाठी तेव्हा काही जणी काचा फोडायच्या, जाळपोळ करायच्या, तो यांचा मार्ग नव्हता, सभा घ्यायच्या, पत्रकं काढायची, आणि बेटावरच्या बायका काय काय उपसतात ते लिहून लोकांपुढं ठेवायचं. मला त्यांचं हेच सगळ्यात मोठं काम वाटतं. पुढं त्या शाळांचा कारभार बघणाऱ्या स्कूल बोर्डावरही गेल्या.

1918 मधे ब्रिटनमधे बायकांना मत मिळालं पण तीस वर्षं पूर्ण हवीत आणि स्वतःकडं नाहीतर नवऱ्याकडं ठराविक किमतीचं घर-जमीन हवं, पुरुषांच्या बरोबरीनं मिळायला 1928 उजाडलं. आपलं बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात, इथं 1921 मधे कौन्सिलनं म्हणजे इलाख्याच्या कायदेमंडळानं बायकांना मत दिलं पण त्यालाही मालमत्तेची अट, म्हणजे विड्या वळणाऱ्या, रोजगाराला जाणाऱ्या बायका बाहेरच राहिल्या. त्यांना मत मिळालं ते 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत.

तेव्हा अक्का, भाषणात सनावळी कमी ठेवा, टोपली आणि विणकामाचं आधी सांगा, आणि मग हजार विड्यांची मजुरी कोण ठरवतं हे सरळ विचारा, त्या स्वतःच बोलायला लागतील. मालकांचं राहिलं तर त्यांना घरी एवढंच सांगा की मत गुप्त असतं, आत मशीनपुढं बाई एकटीच असते, कुठलं बटन दाबलं ते कुणालाही सांगायची तिच्यावर सक्ती नाही.