बासचा फटका पुसू नका

प्रश्न : माझ्याकडे १९५० च्या दशकातल्या अमेरिकन रॉकबिली (कंट्री आणि ब्लूजच्या मिश्रणातून आलेलं सुरुवातीचं रॉक अँड रोल) रेकॉर्डची एक पेटी आली आहे. बहुतेक ४५ आरपीएमच्या (मिनिटाला ४५ फेरे) आणि छोट्या कंपन्यांच्या. त्यांतली निवडक गाणी पुन्हा प्रकाशित करायची इच्छा आहे. पण सॉफ्टवेअरने खरखर काढली की गाणं निर्जीव वाटतं. असं का होतं?
– एक वाचक

उत्तर : आधी ओरखड्यांची टिकटिक आपोआप काढणारी सॉफ्टवेअरमधली सोय बंद करा. रॉकबिलीत ती हमखास घात करते. या संगीतात डबल बासची (उभं धरून वाजवायचं, व्हायोलिनच्या घाटाचं मोठं वाद्य) तार ओढून सोडतात आणि ती वाद्याच्या गळ्यावरच्या पट्टीवर सटकन आदळते. जुलै १९५४ मध्ये मेम्फिसच्या सन स्टुडिओत एल्विस प्रेस्लीची पहिली रेकॉर्ड झाली, तेव्हा ड्रमवादक नव्हताच. एल्विसची गिटार, स्कॉटी मूरची इलेक्ट्रिक गिटार आणि बिल ब्लॅकचा बास, एवढंच. ठेका सगळा त्या आदळण्यावर. आता ध्वनीचा आलेख मोठा करून पाहा : तारेचा फटका आणि ओरखड्याचा टिक, दोन्ही क्षणभराचे उभे काटेच. यंत्राला फरक कळत नाही, ते दोन्ही छाटतं.

त्यात सन स्टुडिओ आणि सन रेकॉर्ड कंपनीचे मालक सॅम फिलिप्स यांचा एको. त्यांच्याकडे अॅम्पेक्सची दोन टेप मशिन्स होती. एका मशिनवर आवाज टेपवर उतरायचा, टेप रेकॉर्ड हेडपासून प्लेबॅक हेडपर्यंत पोचायची आणि तोच आवाज किंचित उशिराने मूळ आवाजात मिसळायचा. सफाईत मूळ फटका गेला आणि हा पडसाद उरला, की ठेका मागे पडल्यासारखा वाटतो. तुम्हाला जाणवलेला निर्जीवपणा बहुधा हाच.

म्हणून जितकी सफाई सुईखाली होईल तितकी तिथेच करा. रेकॉर्ड नीट धुवा. (पेटीत ७८ आरपीएमच्या लाखेच्या असतील, तर त्यांना अल्कोहोल अजिबात लावू नका, लाख विरघळते.) त्या काळच्या मोनो (दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेल्या) ४५ ला एक सहस्रांश इंचाची सुई बसते, ७८ ला साधारण तिप्पट जाड. खाच झिजलेली असेल तर जरा वेगळ्या मापाची सुई लावून पाहा, ती न झिजलेल्या उंचीवर टेकते आणि कधीकधी खणखणीत आवाज निघतो. रेकॉर्ड मोनो असली तरी दोन्ही चॅनल वेगळे उतरवा. खाचेची एक भिंत अनेकदा दुसरीपेक्षा शाबूत असते. मग उरलेले मोठे टिक आलेखावर एकेक शोधून हाताने काढा. मी असंच करते. वेळ फार जातो, पण दुसरा भरवशाचा मार्ग मला माहीत नाही. थोडी खरखर राहिली तर राहू द्या.

अर्थात मूळ टेप मिळाली तर सोन्याहून पिवळं. जर्मनीच्या बेअर फॅमिली या रेकॉर्ड कंपनीने १९७५ पासून नाव कमावलं ते अशा टेपांच्या शोधामुळे आणि सोबतच्या तपशीलवार पुस्तिकांमुळे. मात्र टेक्सासची स्टारडे किंवा सिनसिनाटीची राइट यांच्याकडे पदरचे पैसे भरून लोक रेकॉर्ड छापून घेत, त्यांतल्या कित्येकांची रेकॉर्ड हीच उरलेली प्रत असते. लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्टीवर कोरलेले आकडे आधी उतरवून घ्या. रेकॉर्ड कुठे छापली याचा माग त्यावरून लागतो, आणि तिथून गायकाचा.

प्रश्न : युरोपात अशा गाण्यांचे संच सर्रास निघतात. मग मला हक्कधारकांची परवानगी कशाला?
– तेच वाचक

उत्तर : युरोपीय संघाने २०१३ मध्ये ध्वनिमुद्रणावरच्या हक्काची मुदत ५० वरून ७० वर्षं केली, पण आधीच संपलेली मुदत परत दिली नाही. त्यामुळे १९५० च्या दशकात प्रकाशित झालेली मुद्रणं तिथे खुली आहेत. अमेरिकेत तसं नाही. २०१८ च्या कायद्यानुसार १९५६ ची रेकॉर्ड तिथे २०६६ अखेरपर्यंत संरक्षित आहे, १९५७ ते ५९ च्या फेब्रुवारी २०६७ पर्यंत. गीत-संगीताचा हक्क त्याहून वेगळा, तो युरोपातही तपासावाच लागतो.

आणि कायद्याने मुभा असली तरी गायकाला, तो नसेल तर घरच्यांना, आधी शोधा. आर्कान्सॉच्या सॉनी बर्जेसची पहिली सन रेकॉर्ड १९५६ ची. १९८० च्या दशकात सन रिदम सेक्शन या बँडबरोबर तो पुन्हा मंचावर उभा राहिला. ही माणसं विसरली गेली होती, संपली नव्हती. पैसे द्या, पुस्तिकेत बासवादकासकट सगळ्यांची नावं छापा, आणि छापण्याआधी ती घरच्यांकडून तपासून घ्या. लेबलांवर वादकांची नावं क्वचितच असत. ती घरच्यांनाच ठाऊक असतात.