बोल्ट वेगळा ठेवताय? मग एवढं सांभाळा

.315 रायफलचा बोल्ट (मागची सरकती दांडी, जी काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करते) काढण्याआधी नळी सुरक्षित दिशेला, मॅगझिन बाहेर. चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, तोंडाशी करंगळी टेकवून ते रिकामं असल्याची खात्री करा. नुसतं बघणं पुरत नाही. बोल्ट पूर्ण मागे ओढून बोल्ट-हेड (बोल्टचं पुढचं टोक) वर उचललं की निघतो. बोल्ट एका कपाटात, रायफल दुसऱ्यात, किल्ल्या वेगळ्या.

फोमच्या पेटीत ठेवू नका हो, फोम ओल धरतो. कोकणातल्या पावसाळ्यात गंज चढणारच. तेलाचा हलका हात पुरे. जास्त तेल आत घट्ट झालं की फायरिंग पिन (काडतुसावर आदळणारी सुई) मंदावते, काडतूस पेटत नाही.

परत घालताना बोल्टवरचा नंबर रायफलशी जुळवाच. दुसऱ्या रायफलचा बोल्ट बसतोही, पण हेडस्पेस, म्हणजे बोल्टच्या तोंडापासून काडतूस टेकतं तिथवरचं अंतर, वाढलेला असेल तर काडतुसाचं पितळ फाटतं. बोल्ट-हेड शेवटपर्यंत फिरलंय ना, तेही तपासा.