सिस्टरचा ओटा : ‘खंबीर राहा’ म्हणणाऱ्यांना चहा पाजा आणि कामाला लावा

चोपडा तालुक्यातून एक भगिनी लिहितात :

सिस्टर, नमस्कार. मे अखेरच्या वादळात आमची साडेचार हजार केळी आडवी झाली. नवती बाग, निसवलेली. घड भरत आले होते, महिन्याभरात कापणी लागली असती. पंचनामा झाला, पैसे अजून नाहीत. सोसायटीचं कर्ज आहे, कृषी केंद्राची उधारी आहे, मुलगी बारावीला. तेव्हापासून आमचे हे ओट्यावर नुसते बसून असतात. जेवणावर मन नाही. रात्री दोनला उठतात आणि अंगणात फेऱ्या मारतात. शेताचं नाव काढलं की अंगावर येतात. येणारा-जाणारा मला सांगतो, “तू खंबीर राहा, तू हललीस तर घर हलेल.” रोज पहाटे ठरवते की आज रडायचं नाही, आणि भाकरी थापताना डोळे भरतातच. यंदा श्रावणातली कानबाई देवीसुद्धा बसवायची नाही म्हणतात. मन घट्ट करायचा काही उपाय असेल तर सांगा. एवढं लिहूनच जरा हलकं वाटलं.

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं ते एकच गोष्ट शोधायला : या अडीच महिन्यांत “तू जेवलीस का?” असं तुम्हाला कोणी विचारलं का? पत्रात तरी तसं कुठे दिसलं नाही.

‘खंबीर’ या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे. मी छत्तीस वर्षांची असताना आमचे हे गेले. भुसावळला रेल्वेत होते, रात्रपाळीला गेले ते परत आले नाहीत. हार्ट अटॅक. चौदाव्या दिवशी मी वॉर्डात ड्युटीवर हजर. पोरं लहान, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, बसून कसं चालणार? सगळ्या गल्लीने कौतुक केलं. “बाई म्हणावी तर अशी. डोळ्यातून टिपूस नाही.” मलाही ते कौतुक आवडायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू. आठ महिने असे काढले. मग एका रात्री इंजेक्शनचा ट्रे हातात धरून मी वॉर्डाच्या मधोमध उभी राहिले आणि कोणत्या खाटेकडे निघाले होते तेच आठवेना. पेशंट माझ्याकडे बघताहेत, मी ट्रेकडे बघतेय. पारोळ्याकडची एक आया होती आमच्याकडे. तिने ट्रे काढून घेतला, मला चादरींच्या खोलीत नेऊन बसवलं आणि म्हणाली, “रडी ले माय, मी शे आठे.” रडून घे, मी आहे इथे. एवढंच. मग ती चादरींच्या घड्या घालत बसली. मी दीड तास रडले, तिने तेवढ्या वेळात सगळं कपाट लावून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून तिच्या डब्यातली अर्धी कळण्याची भाकरी आणि ठेचा माझ्या पुढ्यात येऊ लागला. तिने मला शहाणपणाचा एक शब्द सांगितला नाही. माझ्या समुपदेशनाच्या कोर्सात पुढे जे शिकवलं त्यातलं निम्मं त्या बाईला आधीच येत होतं.

तेव्हा भाकरी थापताना डोळे भरतात ना, भरू द्या. त्यात काही मोडलेलं नाही. उलट रोज पहाटे न रडण्याचा जो पण करता, त्यातच तुमची ताकद जाते.

लिहून हलकं वाटलं म्हणता, ते उगीच नाही. जेम्स पेनेबेकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली कॉलेजच्या मुलांना चार दिवस रोज पंधरा मिनिटं स्वतःच्या आयुष्यातल्या सगळ्यात दुखऱ्या गोष्टीवर लिहायला लावलं होतं. लिहिताना मुलांना त्रासच झाला, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या चकरा बाकीच्यांपेक्षा कमी झाल्या. मुलीची जुनी वही घ्या. शुद्धलेखन बघू नका, कोणाला दाखवू नका, वाटलं तर चुलीत टाका. मला आणखी एक पत्र लिहिलंत तरी चालेल.

आता तुमच्या मालकांचं. इथे मी जरा नर्सच्या आवाजात बोलणार आहे. पीक गेल्यावर आठ-दहा दिवस माणूस सुन्न होणारच. पण झोप मध्यरात्रीच मोडते, जेवण तुटलंय, आवडीच्या कामावरून मन उडालंय, चिडचिड होतेय, आणि हे दोन आठवड्यांच्या पुढे जाऊन आता अडीच महिने झालेत. याला नुसती काळजी म्हणून सोडता येत नाही. हे नैराश्याचं दुखणं असू शकतं आणि ते डॉक्टरांनीच बघायला हवं. जळगावला सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. “माझं डोकं फिरलंय का?” असं ते म्हणणार, आमच्या वॉर्डात आलेला प्रत्येक पुरुष हेच म्हणायचा. तुम्ही म्हणा, “झोपेचं दाखवून येऊ.” यात खोटं काही नाही, झोप खरंच गेलीय. गोळ्या दिल्या तर त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आपल्याकडे चौथ्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून पाकीट फळीवर जातं. नैराश्याच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, पण मनाने त्या एकदम बंदही करायच्या नाहीत, डॉक्टरांना विचारूनच.

दुसरं, आणि हे आजच करा. खळ्यातल्या खोलीत फवारणीचं औषध, तणनाशक जे काही असेल ते तिथून हलवा. दिराच्या घरी ठेवा, कुलपात ठेवा, किल्ली तुमच्याकडे. मी खूप वर्षं त्या वॉर्डात काढली आहेत. विष घेतलेली जी माणसं वाचली, त्यांतली कितीतरी म्हणायची, “बाटली समोर होती म्हणून झालं.” ती वेळ काही मिनिटांची असते. त्या मिनिटांत हाताशी बाटली नसली तर माणूस बरेचदा परत येतो.

आणि त्यांना सरळ विचारा. “तुमच्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?” या शब्दांत. विचारल्याने डोक्यात नसलेलं खूळ शिरतं हा गैरसमज आहे. उलट, कोणीतरी नाव घेऊन विचारलं याचंच माणसाला हायसं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं, किंवा ‘माझ्यामुळे तुमची फरफट’, ‘मी नसलो तर बरं’ अशी भाषा सुरू झाली, तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्र असेल तर १४४१६ फिरवा. ही सरकारची टेलिमानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःसाठीही फोन करू शकता, हे मुद्दाम लिहितेय.

शेताचं म्हणाल, तर साडेचार हजार खोडांकडे एकदम बघून मीसुद्धा ओट्यावर बसून राहिले असते. ‘शेतात चला’ म्हणू नका. सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, ‘एक ओळ मोकळी करू, आठला परत’ असं म्हणा आणि विळा घेऊन तुम्ही आधी निघा. पहिल्या दिवशी ते बांधावर बसून राहतील. बसू द्या. आपण समजतो मन लागलं की हात चालतात. या दुखण्यात ते उलटं असतं, आधी हात चालावे लागतात, मन मागून रखडत येतं. आणि हो, पडलेल्या खोडाशेजारून पील कसं पुन्हा वर येतं, हा दाखला त्यांना देऊ नका. कोणी ना कोणी देईलच. देणाऱ्याची स्वतःची बाग बहुधा उभी असते.

रात्री कितीही वाजता झोप मोडली तरी सकाळी उठायची वेळ एकच ठेवा आणि दुपारी लवंडू देऊ नका. दुपारनंतर चहा नाही. हे सांगायला सोपं आहे, मला माहीत आहे. आपल्याकडे पाहुणा आला की चहा, गेला की चहा.

कानबाई बसवा. पैसे नाहीत म्हणून मंडप नको, बँड नको, साड्यांचं देणंघेणं नको. पण नागपंचमीनंतरच्या रविवारी रोटांच्या प्रसादाला भाऊबंद तुमच्या घरी येतातच. वर्षात हा एक दिवस असा की निमंत्रण लागत नाही आणि कोणी ‘वेळ नाही’ म्हणत नाही. सोमवारी बोळवण झाली की दीर, चुलत दीर सगळे ओट्यावर असतील. तेव्हा हिशोबाचा कागद पुढे ठेवा. सोसायटीचं किती, कृषी केंद्राचं किती, मुलीच्या फीचं किती. पैसे मागा असं म्हणत नाही. कृषी केंद्रवाल्याशी मुदतीचं बोलायला एक जण, विम्याच्या कामाला तालुक्याला जाणारा एक जण, एवढी नावं त्या कागदावर लिहून घ्या. कर्ज एका माणसाच्या डोक्यात असतं तेव्हा त्याची लाज होते. कागदावर आलं की ते काम होतं. यावर तुमचे हे चिडतील, दोन दिवस बोलणार नाहीत. तसेही ते बोलत नाहीतच.

आता राहिलात तुम्ही. तुमची चादरींची खोली कुठे आहे ते मला कळवा. माहेरची बहीण असेल, शेजारीण असेल, आठवड्यातून एकदा जिच्याकडे काहीही न सांगता नुसतं मेथी निवडत बसता येईल अशी एक जागा. ‘खंबीर राहा’ म्हणायला येणाऱ्यांना चहा पाजा, आणि त्यांच्यातल्या एखादीला सांगा, “उद्या संध्याकाळची भाकरी तू टाकून दे.” खरी कोण ते लगेच कळतं.

धडगाव तालुक्यातल्या आश्रमशाळेतून एक शिक्षिका लिहितात :

माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगी आहे. वडील गेल्या वर्षी वारले, आई ऊसतोडीला गुजरातेत जाते. मुलगी हुशार आहे, पण महिनोन्महिने कोणाशी बोलत नाही. मी समुपदेशक नाही. माझ्यासारखीने काय करावं?

बाई, तुम्ही समुपदेशक नाही हे ठीकच आहे. हवाई बेटांपैकी काउआई नावाच्या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा माग एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मुलं चाळिशीला येईपर्यंत घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईबापांची आजारपणं अशा अनेक अडचणींत एकदम सापडलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश पुढे चांगली, धड, प्रेमळ माणसं झाली. त्यांच्यात जे सारखं सापडलं त्यात एक गोष्ट अशी, की प्रत्येकाला कोणीतरी एक मोठं माणूस कायमचं धरून होतं. आईबाप नसले तर आजी, मावशी, आणि कितीतरी जणांच्या बाबतीत शाळेतली बाई.

म्हणजे तुम्ही. तिला बोलतं करायच्या मागे लागू नका. वर्गात सगळ्यांसमोर ‘बिचारी’ करू नका. तिला रोजचं एक ठरलेलं काम द्या, खडूची पेटी आणणं, हजेरीचा फळा लिहिणं, आणि ते काम दुसऱ्या कोणाला देऊ नका. आई कामावर आहे तोवर आठवड्याचा एक वार ठरवून तुमच्या फोनवरून दोघींचं बोलणं करून द्या. वार चुकवू नका. नसेल जमणार तर आधी सांगा. ज्या मुलांची माणसं अचानक नाहीशी झालेली असतात त्यांना ‘येते’ म्हणून येणारं माणूस फार मोठं वाटतं. ती पावरी बोलीत बोलत असेल तर तुम्ही चार शब्द शिका आणि मुद्दाम चुकीचे बोला. मुलं दुरुस्त करायला तोंड उघडतात, हा माझा बालवॉर्डातला अनुभव.

धुळ्याच्या देवपुरातून एक विद्यार्थी :

सिस्टर, चार वर्षं स्पर्धा परीक्षा देतोय. पहाटे चारला उठून प्रेरणादायी व्हिडिओ बघतो, थंड पाण्याने अंघोळ करतो, रात्री बारापर्यंत अभ्यासिका. तरी मन कणखर होत नाही, पुस्तक उघडलं की छातीत धडधडतं. यंदाचा पूर्वपरीक्षेचा निकाल गेला ते घरी सांगितलेलं नाही.

बाळा, चार तास झोपून कोणाचंच मन कणखर होत नाही, फक्त डोळे लाल होतात. व्हिडिओतला माणूस तुला ओरडून उठवतो आणि स्वतः त्याचेच पैसे कमावतो. ते बंद कर. रात्री अकरा ते सहा झोप. धडधड आठवड्याभरात कमी झाली नाही तर साध्या फॅमिली डॉक्टरला दाखव, रक्त आणि थायरॉइड बघून घे.

खरं ओझं निकालाचं नाही, लपवल्याचं आहे. या शनिवारी गावी जा. जेवणं झाल्यावर, भांडी घासायच्या आधी, आईला सांग. वडिलांना ती सांगेल, कसं सांगायचं ते तिला तुझ्यापेक्षा चांगलं कळतं. पुढच्या वर्षी परीक्षा द्यायची की नाही हे त्या रात्री ठरवू नका. आई काय म्हणाली ते मला लिही.